सातव्या सामन्यानंतरची दाढी

माणसाच्या दाढीचा केस चोवीस तासांत साधारण चार दशांश मिलिमीटर वाढतो. हा आकडा मला पाठ आहे, कारण दोह्याजवळच्या मेसईदच्या एका खत कारखान्यात गेली बारा वर्षे मी याच चार दशांश मिलिमीटरच्या विरोधात काम करतो. आमच्याकडे अमोनिया असतो. त्यापासून वाचवणारा पूर्ण चेहऱ्याचा मास्क त्वचेला घट्ट चिकटला तरच उपयोगाचा. मध्ये खुंट आले की फट पडते, आणि फट कोणाची श्रद्धा विचारत नाही. म्हणून दर वर्षी प्रत्येकाची मास्कचाचणी होते. एक यंत्र मास्कच्या बाहेरचे आणि आतले सूक्ष्म कण मोजते व त्यांचे गुणोत्तर देते. ते पाचशेच्या वर गेले तर माणूस पास. चेहऱ्यावर केस असतील तर यंत्र सुरूच करायचे नाही, असा नियम आहे. तो नियम लागू करणारा अधिकारी मी आहे.

या वर्षी मे महिन्याच्या मध्यावर माझ्या चेहऱ्यावर अकरा मिलिमीटर दाढी होती, आणि तिचे कारण आइस हॉकी हे होते.

हॉकी म्हटले की आपल्याकडे गवत आठवते, फार तर निळे टर्फ. ही ती नव्हे. ही बर्फावर, स्केट घालून, रबराच्या एक इंच जाड चकतीने खेळतात. त्या चकतीला पक म्हणतात. पक कोणाच्या तरी काठीला लागतो, कोणाच्या तरी नडगीवरून वळतो आणि ज्याने तो मारला त्यालाही अपेक्षित नसलेल्या ठिकाणी जाऊन पडतो. परिणामी एखाद्या सामन्यात सरस संघ जिंकण्याची शक्यता नाणे उडवण्याहून थोडीशीच अधिक असते. जिथे योगायोगाचा वाटा एवढा मोठा, तिथे माणसे विधी शोधतात. सामन्याच्या दिवशी गोलरक्षकाशी बोलायचे नाही. त्याने अजून एकही गोल खाल्लेला नसेल तर ही गोष्ट मोठ्याने उच्चारायची नाही. ड्रेसिंग रूमच्या जमिनीवर संघाचे चिन्ह असेल तर त्यावर पाय द्यायचा नाही. आणि वसंतात बाद फेऱ्या सुरू झाल्या, की संघ बाहेर पडेपर्यंत किंवा करंडक उचलेपर्यंत दाढी करायची नाही. खेळाडूंनी नाही, आणि खऱ्या चाहत्यांनीही नाही.

या सर्व प्रथांना कार्यकारणाचा आधार शून्य आहे. त्या मी सतरा वर्षे पाळत आलो आहे.

पाळत आलो, हे पूर्ण खरे नाही. माझ्या वाटची दाढी लॉयड वाढवत असे.

लॉयड वसईजवळच्या निर्मळचा. कॅनडाच्या सपाट, गहू पिकवणाऱ्या प्रदेशातल्या एका शहरात तो एक्स-रे तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम करत होता आणि मी रसायन अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. उणे तीस तापमानात, बसथांब्यावर, पाठीमागून कोणीतरी मराठीत पुटपुटले, “आयला, नाक गेलं.” तो लॉयड. त्याच आठवड्यात त्याने मला छताजवळच्या सर्वांत स्वस्त जागांवर नेऊन बसवले. त्या संघाचे नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील आणि इतरांना फरक पडत नाही. पुढे तो दोह्याच्या एका इस्पितळात लागला, वर्षभराने मी इथे आलो. माझ्या नोकरीत दाढी निषिद्ध आहे हे कळल्यावर तो म्हणाला होता, “हरकत नाही. दोघांची मी वाढवतो. तू तुझी फट सांभाळ.” बारा वसंत त्याने दोघांची दाढी वाढवली. इस्पितळात त्याला लोक एप्रिल-मेमध्ये मौलाना म्हणत.

शुक्रवारी सकाळी सातला एका मॉलमधल्या रिंकवर आम्ही खेळायचो. बाहेर चाळीसच्या वर तापमान, आत बर्फ उणे पाच, आणि काचेपलीकडे फूड कोर्टची शटरे उघडत असायची. मी सामान्य दर्जाचा बचावपटू. लॉयड गोलरक्षक. प्रत्येक वेळी खेळ सुरू होण्याआधी तो काठीने आधी डावा खांब ठोकायचा, मग उजवा. का, असे मी एकदा विचारले होते.

“खांब जागेवर आहेत का बघतो.”

“ते जमिनीत रोवलेले आहेत.”

“तुझं शास्त्र तू मास्कात भर. मला दोन्हीकडून आवाज आला पाहिजे.”

एकच प्रथा अशी आहे, जिला मी अंधश्रद्धा म्हणू शकलो नाही. सात सामन्यांची मालिका संपली, की दोन्ही संघ बर्फावर समोरासमोर रांगा करतात आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी हात मिळवतो. दोन आठवडे एकमेकांचे दात पाडलेली माणसे. हरलेला गोलरक्षकसुद्धा त्या रांगेत उभा राहतो. लॉयड ती रांग संपल्याशिवाय टीव्ही बंद करू देत नसे. एका वर्षी आमच्याच संघाचा एक मोठा खेळाडू हात न मिळवता आत निघून गेला, तेव्हा मी त्याला ‘सभ्यतेच्या खालचा’ म्हटले आणि पुढचे दोन हंगाम त्याच्या गोलला टाळी वाजवली नाही. हे वाक्य लक्षात ठेवावे. मला ते पुढे लागणार आहे.

जानेवारीत लॉयडला रक्ताचा कर्करोग निघाला. फेब्रुवारीतल्या पहिल्या केमोने तो हटला नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी दुसरी फेरी सुचवली, तेव्हा लॉयडने तोंड भिंतीकडे केले.

“खलास, देव्या. मला निर्मळला जायचंय. तळ्याकाठी बसेन, ताडी पिईन आणि मरेन.”

“ताडी तुला कधीच सोसली नाही.”

“मरण तरी सोसेल.”

त्याची बायको जोस्लीन पलंगाच्या पायथ्याशी चादर सारखी करत होती. चादर आधीच सारखी होती. ती बाहेर गेली. त्या वेळी मी जे बोललो ते माझ्या आयुष्यातले सर्वांत अशास्त्रीय वाक्य होते.

“परवा बाद फेऱ्या सुरू होतायत. आपला संघ खेळतोय तोवर तरी औषध घे.”

तो सावकाश वळला. भुवया गेल्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसत नसे. ते समजून घ्यावे लागे.

“आणि बाहेर गेला की?”

“मग नाही.”

“मग कोणी छळणार नाही? तू, जोस्लीन, माझी बहीण, कोणीच नाही?”

“कोणीच नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

त्याने गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला. “या वर्षी दाढी तुलाच वाढवावी लागणार. माझं दुकान बंद आहे.”

मदिनत खलीफा भागातल्या माझ्या घराकडे गाडी चालवताना मी हिशेब केला. चार मालिका, प्रत्येकीत एकास एक शक्यता: सर्व जिंकण्याची शक्यता सोळात एक. पण खरी चूक त्याही पलीकडची होती. संघ करंडक जिंकला तरी जूनमध्ये हंगाम संपणारच होता. प्रत्येक शेवट हा शेवटच ठरेल असा करार मी केला होता. मला फक्त केमोच्या दुसऱ्या फेरीचे सहा दिवस हवे होते. ते मिळवण्यासाठी मी त्यानंतरचे सगळे दिवस रबराच्या चकतीवर ठेवून बसलो होतो. लॉयडने हा करार एका क्षणात मान्य का केला, हे मला तेव्हा कळायला हवे होते. त्याला त्यातून सुटण्याची तारीख मिळाली होती.

दिनक्रम असा ठरला. कॅनडातल्या आमच्या शहरातला सामना दोह्यात पहाटे पाचला सुरू होई. लॉयड तेव्हा औषधांच्या गुंगीत असे आणि त्याचा फोन जोस्लीनकडे असे. मी सामना घरी बघायचो, रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उतरवायचो आणि दुपारी चारला घेऊन जायचो. निकाल सांगायचा नाही, चेहऱ्यावरही दाखवायचा नाही. त्याच्या खोलीत जाताना गाऊन, हातमोजे आणि मास्क घालावा लागे, त्यामुळे चेहऱ्याचा प्रश्न सुटला. मात्र आत जाण्याआधी दाराच्या काचेशी मास्क खाली करून दाढी दाखवायची, अशी त्याची अट होती. तो काचेपलीकडून बघायचा, मान हलवायचा, मग डावीकडच्या सलाइनच्या खांबावर बोटाने टकटक, मग उजवीकडच्या पंपाच्या खांबावर. त्यानंतर मला प्रवेश.

“किती झाली?” तो विचारायचा.

“सहा मिलिमीटर.”

“आयला, मोजतोस?”

“पट्टीने.”

पहिली मालिका आम्ही चार-दोन जिंकलो. दुसरी तीन-तीनवर आली. दरम्यान लॉयडच्या अस्थिमज्जेची तपासणी झाली. केमोच्या दुसऱ्या फेरीने वाईट पेशी अठ्ठेचाळीस टक्क्यांवरून अकरावर आणल्या होत्या. पाचच्या खाली हव्या होत्या. डॉक्टरांनी वेगळ्या औषधांची तिसरी फेरी सुचवली. ती लागू पडली, तर मज्जारोपणासाठी वसईहून बहीण सिसिलिया येणार, तिची मज्जा जुळत होती. लागू पडण्याची शक्यता शंभरात तीस. सुरुवात शुक्रवारी, म्हणून संमतीपत्रावर सही गुरुवारी दुपारपर्यंत.

“गुरुवारी सातवा सामना आहे,” लॉयड डॉक्टरांना इंग्रजीत म्हणाला. “तो बघून सांगतो.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिलो.

इकडे कारखान्यात वार्षिक शटडाउन सुरू होणार होते, म्हणजे टाक्या रिकाम्या करून माणसे आत उतरणार होती, आणि त्यांच्याबरोबर मी. माझी स्वतःची मास्कचाचणी मी दोनदा पुढे ढकलली होती. तिसरी तारीखही त्याच गुरुवारी, सकाळी दहाची.

गुरुवारी पहाटे पाचला सूर्य उगवलेला होता. ठरलेला वेळ दोन-दोन बरोबरीत संपला आणि सामना ओव्हरटाइममध्ये गेला. ओव्हरटाइममध्ये जो संघ पहिला गोल करतो तो जिंकतो. पुढे काही उरत नाही. आठ मिनिटे अकरा सेकंदांनी प्रतिस्पर्ध्याने मारलेला एक साधा फटका आमच्याच बचावपटूच्या स्केटला लागला, वळला आणि आमच्या गोलरक्षकाच्या डाव्या पायामागून आत गेला. गोलरक्षक काही वेळ गुडघ्यांवर राहिला. मग उठून रांगेत जाऊन उभा राहिला. मी रांग शेवटपर्यंत पाहिली, कारण लॉयडने ती पाहिली असती.

बायको विभावरी चहा घेऊन आली आणि स्क्रीनकडे पाहून थांबली.

“हरले?”

“हरले.”

तिने कप खाली ठेवला. ती कधीच हॉकी बघत नाही, पण सोळात एक तिलाही माहीत होते. ती हलकेच म्हणाली, “निदान दहाला टेस्ट तरी देता येईल तुला. आता काढायचीच ना?”

तिचे तर्कशास्त्र अचूक होते. चार आठवडे माझी प्रथा आणि माझी नोकरी एकमेकींच्या विरुद्ध उभ्या होत्या. त्या सकाळी प्रथमच दोन्ही एकच सांगत होत्या: दाढी काढ. मी बाथरूममध्ये गेलो, फेस लावला, वस्तरा हातात घेतला. तेवढ्यात फोन वाजला. जोस्लीन.

“देव, मी स्कोअर बघितला.”

“हं.”

“तो झोपलाय. त्याला माहीत नाही.” “फक्त सही होईपर्यंत. चार वाजेपर्यंत. मी तुझ्या पाया पडते.”

“जोस्लीन, असं बोलू नकोस.”

“तूच ते बोललास ना त्याला? खेळतोय तोवर म्हणून? मी दाराबाहेर उभी होते, सगळं ऐकलं. मग आता तूच कर काहीतरी.”

मी फेस धुऊन टाकला.

मास्कचाचणीच्या खोलीत पोपटराव यंत्राशी बसले होते. पोपटराव साताऱ्याकडचे, वय बावन्न, माझे सहायक. माझी चाचणी मी स्वतः घेऊ शकत नाही, म्हणून ती त्यांनी घ्यायची होती. त्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिले.

“साहेब, आज पण?”

“आज पण.”

“म्हणजे जिंकली तुमची टीम.”

“नाही. हरली.”

“मग काढायची असते ना? तुम्हीच सांगितलं होतं. हरली की काढायची.” ते थोडे पुढे झुकले. “का नवस वाढवलाय?”

हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला की सहज, ते मला सांगता येणार नाही. नऊ वर्षांपूर्वी पोपटराव प्लांटवर ऑपरेटर होते. गावी त्यांच्या धाकट्या भावाचे मूत्रपिंड निकामी झाले होते, आणि भाऊ बरा झाला की जेजुरीला जाऊन उतरवीन, असे बोलून त्यांनी दाढी राखली होती. चाचणीला आले तेव्हा मी त्यांना परत पाठवले. “पोपटराव, मास्कला नवस कळत नाही,” असे मी म्हणालो, आणि ते वाक्य तेव्हा मला नेमके वाटले होते. त्यांनी प्लांटच्या बाथरूममध्ये प्लास्टिकच्या रेझरने दाढी केली. अकराव्या दिवशी भाऊ गेला. महिन्याने गावाहून परतल्यावर ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मला वाटले, आता शिव्या देतील. ते म्हणाले, “साहेब, ते तुम्ही काय सांगता, एकामागनं एक घडतं त्याचं, ते एकदा परत सांगा.” मी सांगितले: एकामागून एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले असे नसते. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावले. मग “होय साहेब” म्हणून गेले.

आता त्यांनी ड्रॉवर उघडला आणि पाकिटातला नवा प्लास्टिकचा रेझर टेबलावर ठेवला.

“पाच मिनिटांचं काम आहे. बाहेर कोणी नाही. मी थांबतो.”

“संध्याकाळी काढीन.”

“संध्याकाळी यादी बंद होते. तुमचं नाव गेलं तर शटडाउनला कोण उतरणार? वरचे विचारतील, आतापर्यंत दोनदा का पुढे ढकलली. काय सांगू?”

“खरं ते सांगा.”

“खरं काय आहे?”

मी त्यांना सांगितले. लॉयड, करार, संमतीपत्र, चार वाजता. सांगताना माझ्या लक्षात आले की हे सर्व घराबाहेर मोठ्याने मी प्रथमच बोलत होतो, आणि त्यातले एकही वाक्य मी दुसऱ्या कोणाकडून ऐकून घेतले नसते. पोपटराव ऐकत राहिले. मग म्हणाले, “साहेब, एकामागनं एक घडलं म्हणजे एकामुळं दुसरं घडलं असं नसतं.”

“माहीत आहे.”

“मला उपयोग झाला होता त्याचा.”

“मला होत नाहीये.”

त्यांनी फॉर्म पुढे ओढला. क्षणभर पेन यंत्राच्या बटणाजवळ थांबले. यंत्र कितीही आकडा छापू शकते, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. “लिहा,” मी म्हणालो. त्यांनी लिहिले: चाचणी घेतली नाही. चेहऱ्यावर केस. अपात्र. खाली तपासणी अधिकारी म्हणून सही लागते. ती मीच केली.

“दाढी ठेवून माणूस जगला असता,” पोपटराव कागद फाइलला लावत म्हणाले, “तर माझा भाऊ आधी जगला असता. पण जावा तुम्ही. यल्ला, उशीर होईल.”

साडेतीनला मी इस्पितळात पोचलो. बाहेर पंचेचाळीस अंश होते. काचेशी मास्क खाली केला. लॉयडने बराच वेळ माझ्या दाढीकडे पाहिले. मग त्याने मान हलवली, डावा खांब ठोकला, उजवा ठोकला. मी आत गेलो. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जोस्लीन पुठ्ठ्याला लावलेले संमतीपत्र छातीशी धरून उभी होती. तीही गाऊन आणि मास्कमध्ये होती. फक्त डोळे दिसत होते आणि त्यांच्याकडे बघवत नव्हते.

“म्हणजे आहोत अजून,” लॉयड म्हणाला. त्याचा आवाज आदल्या दिवसापेक्षा पातळ होता.

“दाढी दिसतेय ना.”

“लाव मग.”

“रेकॉर्डिंग पूर्ण उतरलं नाही. नेट गेलं होतं. उद्या आणतो. तोवर त्या कागदाचं उरकून घे, डॉक्टर चारला जातात.”

हे वाक्य मी मेसईदहून येताना एकवीस वेळा म्हणून पाहिले होते. बाविसाव्या वेळी ते चांगले आले. जोस्लीनने पुठ्ठा पुढे केला. लॉयडने पेन घेतले. मग थांबला.

“जेवढं उतरलं तेवढं बघू. लॅपटॉप कुठे?”

“गाडीत.”

पेन हवेतच राहिले.

“गाडीत?”

“हो.”

“मे महिन्यात, दोह्यात, दुपारी साडेतीनला, तू लॅपटॉप गाडीत ठेवलास? तू? गाडीत लायटर राहिला होता म्हणून तू मला वीस मिनिटं लेक्चर दिलं होतंस. बाष्पदाब का काय तो.”

मला खोटे बोलण्याचा सराव नाही. सराव असता तर मी लॅपटॉप नुसता काखेत घेऊन आलो असतो.

“किती?” त्याने विचारले.

जोस्लीनने डोळे मिटले.

“तीन-दोन. ओव्हरटाइम.”

“कोणी मारला?”

“आपल्याच डिफेन्सच्या स्केटला लागून गेला.”

“पक साला.” हे तो रागाने नव्हे, जवळजवळ प्रेमाने म्हणाला. “रांग बघितलीस?”

“शेवटपर्यंत.”

“आपला गोली?”

“सर्वांत शेवटी होता. सगळ्यांशी हात मिळवले त्याने.”

लॉयडने मान डोलावली. पेन चादरीवर ठेवले. मग त्याने उजवा हात, मनगटाला सुई टोचलेला, माझ्यापुढे केला.

“चल. चांगली मालिका झाली.”

मला त्याचा अर्थ समजला, जोस्लीनला समजला, आणि तो समजावा म्हणूनच त्याने हात पुढे केला होता. त्या रांगेत हात मिळवला की मालिका संपते. त्यानंतर कोणी तक्रार करत नाही, पंचांना दोष देत नाही, आणखी एक सामना मागत नाही. सतरा वर्षे मी जिला खेळातली एकमेव बुद्धिनिष्ठ गोष्ट मानत आलो, तीच त्याने माझ्यापुढे धरली होती. आणि मी शब्द दिलेला होता.

इस्पितळाच्या गाऊनला खिसे नसतात. मी दोन्ही हात पाठीमागे नेले.

“देव्या, हात.”

“नाही.”

“शब्द दिलास.”

“दिला होता.”

“रांगेत हात न देणाऱ्याला तू काय म्हणायचास?”

“सभ्यतेच्या खालचा.”

“मग?”

“मग मी सभ्यतेच्या खालचा आहे. दोन हंगाम टाळी वाजवू नकोस माझ्यासाठी.”

त्याचा हात तसाच होता. “हे नियमाविरुद्ध आहे.”

“आहे.”

“शास्त्रालाही धरून नाही.”

“नाही. शंभरात तीस आहे, लॉयड. सत्तर वेळा तू मरशील. मला ते येतं, तेवढं गणित येतं. पण हात दिला तर शून्य आहे, आणि मी तो देऊ शकत नाही. माझ्याकडे दुसरं काही नाहीये. मी चार आठवडे पट्टीने दाढी मोजतोय. मला दुसरं काही सुचत नाही.”

माझा आवाज कसा झाला होता ते मला ऐकू येत होते. लॉयड बघत राहिला.

“आज तुझी टेस्ट होती ना?”

“होती.”

“मग?”

“नापास.”

“तुला नापास कोण करणार?”

“पोपटरावांनी लिहिलं. सही मी केली.”

तो हसू लागला. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याने पंपाची शिट्टी वाजू लागली आणि नर्स काचेपाशी येऊन डोकावून गेली. एवढे होईपर्यंत त्याचा हात पुढेच होता. मागे घेतला तर आपण हरलो, असे काहीसे त्याच्या डोक्यात असावे. पण चार महिने आजारी असलेल्या माणसाला हात हवेत धरून ठेवणे दोन मिनिटांपलीकडे जमत नाही. तो खाली येऊ लागला तेव्हा जोस्लीनने पुठ्ठा त्याखाली सरकवला. हात संमतीपत्रावर टेकला.

लॉयडने आधी पुठ्ठ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे.

“तू ऑफसाइड आहेस.”

“असू दे,” ती म्हणाली. “शिट्टी वाजवायला कोणी नाहीये इथे.”

त्याने सही केली. ती एवढी वाकडी होती की कोणत्याही बँकेने ती नाकारली असती. “हात मात्र राहिला,” तो म्हणाला. “मी मागणार. तू कुठेही पळालास तरी मागणार. आणि ती दाढी काढ आता, भिकारी दिसतोस.”

दाढी मी काढलेली नाही. आज तिसऱ्या फेरीचा तेरावा दिवस आहे. केस सोळा मिलिमीटर झाले आहेत. शटडाउनच्या प्रवेशयादीत माझे नाव नाही, मी कार्यालयात बसून इतरांचे परवाने तपासतो आणि वरच्यांच्या पत्राला उत्तर द्यायचे आहे. तो रेझर पोपटरावांनी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला आहे. त्याबद्दल आम्ही बोलत नाही. बाद फेऱ्या इतरांच्या चालू आहेत. मी बघत नाही.

लॉयडच्या पांढऱ्या पेशी मोजण्याइतक्या उरलेल्या नाहीत. ते अपेक्षितच होते. ताप अपेक्षित नव्हता. निकाल अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि तोवर काहीच सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणतात. ते बरोबर म्हणतात.

काल दुपारी चारला मी काचेशी मास्क खाली केला. त्याचे डोळे मिटलेले होते. नर्स म्हणाली, सकाळपासून हाकेला ओ देत नाही, उद्या या. मी तिथेच उभा राहिलो. सहाव्या मिनिटाला त्याने डोळे उघडले. मला पाहिले की नाही ते सांगू शकत नाही. त्याचा डावा हात चादरीवरून सरकत खांबापर्यंत गेला आणि एक बोट त्यावर आपटले. मग हात पडला. उजवा हात हलला नाही. नर्सने मास्क वर करायला सांगितले. मी केला नाही. तिने पुन्हा सांगितले. मी घड्याळ लावले होते, कारण मला दुसरे काही करता येत नव्हते.

उजव्या खांबावर टकटक व्हायला चार मिनिटे दहा सेकंद लागले.